दादाचा चांद्रमणी

आमच्या पुढच्या खोलीत मुंगी शिरायला वाव नव्हता. माणसं जिन्यापर्यंत दाटलेली, आणि मधोमध माझा थोरला भाऊ, दोऱ्याला टांगलेला काळा दगड धरून, साक्षात अवतारी पुरुषासारखा बसलेला.

"चंद्रावर उल्का आदळली," दादा सांगत होता, "की खडक चुरतो, वितळतो, स्फटिकाची काच होते. तो दणका या मण्यात अजून जिवंत आहे. दुखणं कुठलंही असो, हा खेचून घेतो." त्यानं तळवा जवळ नेला. दगड गर्रकन वळला. लोकांनी हात जोडले.

उल्केचं सगळं खरं होतं. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. दादानं मोठ्या कौतुकानं विचारलं, तेव्हा मीच त्याला चित्रं काढून समजावलं होतं. तेच ज्ञान त्यानं माझ्या नाकावर टिच्चून बाजारात मांडलं. त्यात आईनं फिटच्या गोळ्या सोडल्या आणि त्यानं दिलेला असाच एक दगड उशाशी घेतला. आदल्याच दिवशी ती फिट येऊन ओट्यापाशी कोसळली. कपाळाला टाके पडले.

मी उठले. "दादा, अंगठी काढून हात फिरव बघू."

"हिला आपलं काहीतरीच," दादा हसला.

"काढा की, तुमचं काय जातंय?" मागून कुणीतरी म्हणालं.

अंगठी निघाली. दगड ढिम्म. मी सोबत आणलेला खिळा अंगठीजवळ नेला; तो टचकन चिकटला.

"अंगठीत लोहचुंबक, दगडात लोखंडाचे थेंब," मी म्हटलं. "आईच्या उशाशी ठेवलेल्या दगडाची चकती कापून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. चंद्रावरच्या दणक्यानं फुटलेले टोकदार तुकडे वितळलेल्या काचेत पुन्हा सांधले जातात. काही स्फटिक बाहेरून तसेच दिसतात, आतून काच झालेले असतात. यात त्यातलं काही नाही. यात भट्टीच्या विटेचा तुकडा आहे. लोखंड वितळवताना वर येते ती ही मळी. दादा ज्या कारखान्यात होता, तिथं हिचे ढीग पडलेत."

आई भिंतीला धरून पुढे आली. "मी गोळ्या सोडल्यात, हे तुला ठाऊक होतं?"

दादानं मान खाली घातली. "तू सोडल्यास म्हणून तर लोकांचा विश्वास बसला, आई."

आई परक्या माणसाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "पाणी आण. गोळी घेते."

मी अजून रागात आहे, तरी सांगते. औषध सोडायला लावणारा पोटचा पोरगा असला तरी त्याच्याकडे पुरावा मागा, आणि तोवर डॉक्टरांचं ऐका.