फोटोतली मोरपंखी

मी एक मोरपंखी साडी बोलतेय. आजवर सगळ्यांनी माझा रंग तेवढा पाहिला, माझं ऐकायला कुणी बसलं नाही. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

माझा जन्म सुरतेच्या एका कारखान्यात झाला. यंत्रानं विणलं, यंत्रानंच रंगवलं. काठाला जर आहे, खरी नाही, पण लांबून कुणाला कळत नाही. फोटोत तर मी भलतीच झोकदार दिसते. त्या फोटोवरच निकिता भुलली आणि मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून धाराशिवजवळच्या बेंबळी गावाला आले.

"निकिता मॅडम, पार्सल!" कुरिअरवाल्या रणधीरनं दारातून हाक मारली. निकिता धावत बाहेर आली. चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, केवढी वाट बघितली हिनं माझी! पुढं हळूहळू कळलं. त्या गल्लीत तिच्या दारात येऊन तिच्या नावानं हाक मारणारा रणधीर एकटाच होता.

निकिताच्या नवऱ्यानं दुसरा घरोबा केला, तेव्हा ती माहेरी आईकडं परत आली. धाराशिवच्या एका दवाखान्यात बिलं करते, एसटीनं जाते-येते. गल्लीतल्या बायका तिला वाईट बोलत नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या फक्त बोलावत नाहीत. हळदीकुंकवाचं आवतण घरोघर फिरतं आणि हिचं दार आलं की पावलं जरा झपझप पडतात. अशा दिवशी निकिता मोबाईल घेऊन बसते आणि काहीतरी मागवते. पार्सल फोडेपर्यंत खुशीत असते. फोडलं की थोड्याच वेळात तोंड उतरतं आणि ती वस्तू दिवाणाच्या पोटात जाते.

मी तिथं गेले तेव्हा अंग हलवायला जागा नव्हती. लेबलंसुद्धा न काढलेल्या साड्या, पर्सा, बांगड्यांचे डबे आणि चहाच्या कपांचा एक सेट. सगळ्यात वाईट त्या कपांचं वाटायचं. त्यांना पाहुणे लागतात.

तिची आई कडूबाई कधीमधी दिवाणाची फळी उचलून बघायची. "आगं, कुठं नेसून जाणार हाईस तू येवढ्या?"

"नवरात्रात, आई. रोजचा एक रंग असतोय. सगळ्याजणी नेसत्यात."

"सगळ्याजणी," कडूबाई एवढंच म्हणायची आणि फळी खाली ठेवायची.

नवरात्र आलं. तुळजापूरहून ज्योत घेऊन पोरं पळत गावात आली, घट बसले. बायका रोज एका रंगात देवीच्या देवळापुढं जमून फोटो काढू लागल्या. निकिताही त्या त्या रंगाची साडी नेसून कामावर जाण्याआधी दारात उभी राहायची. कुणी थांबायचं नाही. मोरपंखीच्या दिवशी तर तिनं रजाच काढली. फॉल-पिको फक्त माझंच करून आणलं होतं. निऱ्यांना पिना लावल्या, पदर सारखा केला. त्या पदराखाली तिचं काळीज धडधडत होतं, ते मला ऐकू येत होतं.

आणि खरंच दारात कुणीतरी आलं. शेजारची शिवलीला! शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या.

"आगं बया, लई छान दिसालीस," ती म्हणाली. "एक काम व्हतं. आमच्या ज्ञानेश्वरीकडं मोरपंखी न्हाय. तुझ्याकडं लई साड्या हायत म्हणं. एखादी दे की." ज्ञानेश्वरी म्हणजे शिवलीलाची नवी जाऊ.

"मोरपंखी ही एकच हाय," निकिता म्हणाली.

शिवलीला जागची हलली नाही. मला वाटलं, आता म्हणेल, मग तूच चल. निकितालाही तेच वाटलं असावं. ती तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग आत गेली, मला सोडलं, घडी घातली आणि गाऊनवर बाहेर येऊन मला शिवलीलाच्या हातात दिलं. आज साडी दिली तर उद्या बोलावतील, एवढीच तिची आशा.

"लगीच आणून देते हं," म्हणत शिवलीला निघून गेली.

खोटं कशाला बोलू, ज्ञानेश्वरीच्या अंगावर देवळापुढं मिरवायला मला आवडलं. घोळक्याच्या मधोमध होते मी. पण पदराला अजून निकिताच्या पावडरीचा वास येत होता आणि फोटो काढताना माझी मलाच लाज वाटली.

त्या संध्याकाळचं मला पुढं दिवाणातल्या साड्यांनी सांगितलं. निकितानं तो फोटो शिवलीलाच्या स्टेटसवर पाहिला. बोटांनी मोठा केला. "आई, बघ की, माझी साडी कशी उठून दिसालीय!"

कडूबाईनं लेकीकडं पाहिलं. "आन् तू कुठं हाईस त्यात?"

निकितानं फोटो बंद केला. मग साड्या मागवायचं ॲप उघडलं.

मी परत आले ती दसरा झाल्यावर, पदरावर हळदीचा डाग घेऊन. त्याच आठवड्यात रणधीरची हाक आली. पार्सलमध्ये हुबेहूब माझ्यासारखी मोरपंखी!

"पुढच्या वर्षी मागाय आल्या तर एक त्यांना देता येईल," निकिता आईला समजावत होती, "आन् एक मला ऱ्हाईल. अंगावरची सोडावी लागणार न्हाय." कडूबाई तोंडाला पदर लावून आत गेली.

आता आम्ही दोघी दिवाणात एकीवर एक पडून आहोत. हल्ली प्रत्येक रंगाची जोडी येते. फळी नीट बसत नाही.

बायांनो, मला मागायला खुशाल या. डाग पाडा, परत द्यायला विसरा, माझं काही म्हणणं नाही. फक्त दार उघडेल तिला एकदा म्हणा, "चल." तुमचा खोळंबा होणार नाही. ती नेसूनच उभी असते.