पाठमोरा

सूर्यावर नजर ठेवायची नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, काळा चष्मा लावून गच्चीत बसायचं. ताईची खोली तर तळघरात होती, ऊन कशाशी खातात हे तिथल्या भिंतींना माहीत नव्हतं. अंतराळातली दुर्बीण सूर्याची तबकडी झाकून भोवतालचे फोटो पाठवायची. सूर्यानं वायूचा लोट फेकला आणि झाकणाभोवती कडं उमटलं, की तो लोट एक तर आपल्याकडे निघालेला, नाहीतर नेमका उलट दिशेला. फोटोत दोन्ही सारखेच. मग दुसऱ्या कॅमेऱ्यात सूर्याचा चेहरा बघायचा. तिथे काही फुटलेलं दिसलं तर आपल्याकडे, चेहरा स्वच्छ असला तर मागच्या बाजूचा. अशाला खोलीत म्हणायचे ‘पाठमोरा’.

त्या दिवशी कडं उमटलं, आणि चेहऱ्यावर काहीतरी फुटल्याची खूण, एक पुसट काळवंडलेला डाग होता. ताईनं तो पाहिला. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. हा घरातला खटपट्या. लहानपणी त्यानं एक घड्याळ धड ठेवलं नव्हतं, आणि आता वर्षानुवर्षं खपून बुटाच्या खोक्याएवढा उपग्रह बनवला होता. ही त्याची ‘चिमणी’ वर एका मोठ्या यानात सुटायची वाट बघत बसली होती.

“ताई, आज चिमणीला सोडायचं म्हणतायत. सूर्यमहाराजांचा मूड कसाय?”

त्याचा आवाज आनंदानं फुटायला आला होता. ‘थांब जरा’ हे दोन शब्द ताईच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच विरघळले.

“पाठमोरा आहे रे. सोड बिनधास्त.”

लोट येऊन आदळला. वरची हवा तापून फुगली, आणि वीज देणारे पंख उघडून वर चढायच्या आतच चिमणी त्या हवेत रुतत खाली आली, जळून गेली.

खोलीतले सगळे म्हणाले, अंदाज आहे, चुकतो कधीकधी. ताई मान हलवायची. पण खाई त्याला खवखवे. तिला ठाऊक होतं, ही चूक नव्हतीच. हा लाड होता.

खटपट्या घरी आला तो दाढी वाढवून. समोरचा चहा त्यानं गार होऊ दिला.

“उद्या साहेबांना सांगून टाकतो, बिजागरी माझीच कच्ची होती. पंख वेळेत उघडले नाहीत.”

“तू तर दहादा तपासली होतीस ना?”

“मग दुसरं काय असणार? तुझ्या खोलीला मी कसा नावं ठेवू? तू पाठमोरा म्हणालीस म्हणजे तसं दिसलं असणार.”

त्याच्या या विश्वासानं ताईला भाजल्यासारखं झालं.

“नव्हतं दिसलं तसं,” ती म्हणाली. “डाग होता. मी पाहिला होता. तुझा हिरमोड करवेना मला.”

त्यानं कप बाजूला सारला.

“माझ्या बिजागरीला मी चार दिवस शिव्या घालतोय, ताई.”

“उद्या मी येते. साहेबांसमोर मीच सांगते.”

तो उठला आणि दाराशी जाऊन बूट घालू लागला. नाडी बांधून झाली तरी तो तसाच उभा राहिला, दाराकडे तोंड करून. निघालाय की वळणार आहे, हे ताईला त्याच्या पाठीवरून कळेना.