दोन जावा, एक संडास

वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ शिरली आणि धाकटीचं शिवणकाम ठप्प झालं. घराघरांत माणसं अंथरुणाला खिळलेली असताना नवे कपडे शिवायचं कुणाला सुचणार? शाळेच्या मैदानावर तंबू पडले, तंबूंत खाटा लागल्या. विहिरीवर पाण्यात औषध घालायला माणूस हवंय असं कानावर आलं, तशी धाकटी मशीनवर चादर टाकून तिकडे गेली.

काम डोक्याला जड नव्हतं. कुणी पाणी भरलं की बिनसुईच्या सिरिंजने क्लोरीन मापून त्याच्या भांड्यात सोडायचं आणि अर्धा तास थांबून मग प्यायला सांगायचं. "अगं, तुझ्याकडे आतापर्यंत निदान सुई तरी होती!" असं म्हणून नाक्यावरचा न्हावी हसला, तेव्हा तीही मनापासून हसली.

हसली नाही ती एकाच माणसाला बघून. तिची थोरली जाऊ रोज कॅन घेऊन विहिरीवरून जायची, पण थांबायची नाही. तिथून पुढे वीटभट्टीमागच्या ओढ्यापर्यंत तंगडतोड करायची.

"औषधाचा वास येतो म्हणे," कुणीतरी म्हणालं.

"औषधाचा नाही, माझा येतो," धाकटी म्हणाली.

सासरे गेल्यावर घराची वाटणी झाली होती. मधे फळ्यांची भिंत उभी राहिली. भांडी वाटली, खाटा वाटल्या, अंगणसुद्धा दोरी धरून वाटलं. मागच्या संडासाचे तेवढे दोन भाग करता येईनात, म्हणून तो सामाईक राहिला. म्हणजे दोघींचाही, आणि म्हणूनच कुणाचाही नाही. तो कुणी धुवायचा यावरून आधी कुरबुर झाली, मग तोंडाला तोंड लागलं, आणि शेवटी बोलणंच खुंटलं. खड्डा काठोकाठ भरत आला तरी उपसायचं नाव कुणी काढेना. "त्यांनी बघावं," असं भिंतीच्या अलीकडेही म्हणत आणि पलीकडेही.

विहिरीचं पाणी तपासायला रोज सकाळी एक बाई यायच्या. सगळे त्यांना पाणीवाल्या बाई म्हणत. एके दिवशी त्या पाणी तपासायचं नळकांडं उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"आपण भांड्यात औषध घालतोय, पण घाण विहिरीतच येतेय. कुठून येतेय ते शोधायला हवं."

त्या विहिरीच्या चढाच्या बाजूने चालू लागल्या. धाकटी मागोमाग निघाली. बाई जसजशा ओळखीच्या गल्लीत वळू लागल्या तसतशी ती मागे पडू लागली. बाई थेट तिच्याच घरामागे जाऊन उभ्या राहिल्या. संडासाच्या खालून ओल पाझरत होती आणि उतारावर, हाकेच्या अंतरावर, विहीर होती.

"हा कुणाचा?" बाईंनी विचारलं.

दोन्ही भाऊ, म्हणजे दोघींचे नवरे, बाहेर आले होते. एकाने दुसऱ्याकडे बोट केलं, दुसऱ्याने पहिल्याकडे.  इतके दिवस धाकटी लोकांना शहाणपण शिकवत होती, आणि विहिरीत विष उतरत होतं ते तिच्या घरातून.

"आमचा," ती म्हणाली. "दोन्ही घरांचा."

बाई रागावल्या नाहीत. हा आजच बंद करायचा, चुना टाकून मातीने बुजवायचा, असं त्यांनी सांगितलं. दुसरा खड्डा घराच्या पुढच्या अंगाला, विहिरीपासून लांब, जिथून उतार दुसऱ्या बाजूला जातो तिथे घ्यायचा. तिथे जागा दोनच होत्या. एक थोरलीचा भाजीचा वाफा, दुसरी धाकटीची शिवणाची पत्र्याची खोली.

"माझ्या वाफ्याला हात लावायचा नाही," दाराआडून थोरलीचा आवाज आला.

"मग मी काय रस्त्यावर बसून शिवू?" धाकटी भिंतीकडे बघून म्हणाली.

दोघींचं हे कित्येक महिन्यांतलं पहिलं बोलणं. जुना खड्डा त्या दिवशी बुजला, नव्याचं मात्र घोडं अडलं. तंबूंजवळ बांधलेल्या संडासांकडे दोन्ही घरं वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊ लागली.

दोनच दिवसांनी दुपारी धाकटी जेवायला घरी आली, तर फळ्यांपलीकडून ओकारीचा आवाज आला. एकदा, पुन्हा एकदा. मग काहीतरी धपकन पडलं.

ती ताटावरून उठली आणि वळसा घालून पलीकडे गेली. थोरली जमिनीवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, कपडे भरलेले.

"तू कशाला आलीस?" आवाजात जोर नव्हता, पण टोक होतं.

"भांडायला. पण त्याआधी हे प्या."

धाकटीने विहिरीवर मिळालेली मीठ-साखरेची पुडी औषधाच्या पाण्यात विरघळवली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. एक घोट पोटात गेला, दुसरा बाहेर आला. तिने जरा दम खाल्ला आणि पुन्हा चमच्याने पाजायला सुरुवात केली. थोरली कपडे ओढून घेत तोंड फिरवू लागली.

"बघू नकोस गं माझ्याकडे."

"लाजता काय जाऊबाई? तुमची दोन बाळंतपणं मी काढली. तेव्हा काय डोळे मिटून काढली?"

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने मान इकडे वळवली आणि तोंड उघडलं.

धाकटीने कामावरचे हातमोजे घालून तिला पुसलं, कोरडे कपडे चढवले. शेजारच्यांची हातगाडी आणली, दिराला हाक मारली, आणि दोघांनी मिळून तिला तंबूत पोचवलं. तिथल्या नर्सने हाताला सलाईन लावली आणि म्हणाली, "वेळेवर आणलंत. या आता उठतील." तेव्हा कुठे धाकटीचा जीव भांड्यात पडला. परत येऊन तिने जमीन क्लोरीनच्या पाण्याने धुतली आणि खरकटी भांडी त्यातच बुडवली. मग साबणाने कोपरापर्यंत हात घासले.

शिवणाच्या खोलीसमोर ती जरा वेळ उभी राहिली. ही खोली तिने पै-पै साठवून उभी केली होती. मग नवऱ्याला म्हणाली, "पत्रे उतरवा."

"आणि मशीन?"

"मशीनचं नंतर बघू. आधी खड्डा."

थोरली घरी आली तेव्हा पुढच्या अंगणात नवा संडास उभा होता. दाराशी नळ लावलेली टाकी होती, साबणही होता. मशीन चादर पांघरून उघड्यावर होतं. थोरलीने ते पाहिलं, स्वतःचा हिरवागार वाफा पाहिला, आणि पायरीवर बसली.

"मशीन माझ्या ओसरीत ठेव," ती म्हणाली. "उजेड चांगला येतो तिथे. पण चिंध्या मी झाडणार नाही, आधीच सांगते."

"मी सांगितलंय का झाडायला?"

"सांगशील. तुझा काय भरवसा!"

थोरलीच्या नवऱ्याने मशीन उचललं. ते नेताना तो हळूच शीळ घालत होता.

पुढच्या आठवड्यात थोरली विहिरीवर आली. सगळ्यांदेखत कॅन पुढे केला आणि नाक मुरडून म्हणाली, "घाल बाई तुझं ते वासाचं पाणी. वास परवडला. तंबूत पडून बघितलंय मी." तिचा आवाज मुळातच मोठा. ओढ्याकडे निघालेल्या दोघी-तिघी थबकल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.

हळूहळू तंबूंतल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या. पाणीवाल्या बाईंनी नळकांडं उजेडात धरलं आणि या वेळी त्यांची मान समाधानाने हलली. आता त्यांना रेल्वेरुळांपलीकडच्या वस्तीत जायचं होतं. तिथेही एक भरलेला खड्डा होता आणि त्यावरून हमरीतुमरीवर आलेली दोन घरं होती.

"तुम्ही याल का बरोबर?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"मी येते," धाकटी म्हणाली, "पण ओरडून सांगायला यांना न्यावं लागेल."

"मी कशाला?" थोरली म्हणाली, आणि तोवर तिने चपला घातल्याही होत्या.