सैल चुडा

पेठ रोडवरच्या आपल्या दुकानात झुंबरबाई कासारणीने आजवर कितीतरी नवरी मुलींचे चुडे भरले होते. हात हातात घेतला की पोरीचं मन कळतं, असा तिचा ठाम समज होता, आणि तो कुणी खोडायला गेलं की ती फटकन बोलायची.

त्या दुपारी एक बाई सुरगाण्याकडच्या एका मुलीला घेऊन आली. मुलगी जेमतेम पंधरा-सोळाची. बाई म्हणाली, "भाचीचं लग्न आहे. हिरव्या बांगड्या भरा, पण सैल. पटकन काढता आल्या पाहिजेत."

झुंबरबाईचं डोकंच सणकलं. नवरीचा चुडा घट्ट बसावा म्हणून आया तिच्याशी हुज्जत घालतात, आणि ही मेली आत्तापासूनच काढायची गोष्ट करते! तरी तिने जीभ आवरली. सासर कुठलं, विचारलं. बाई म्हणाली, देवळा. जरा वेळाने पुन्हा सहज विचारलं, तर सिन्नर. आता मात्र झुंबरबाईला हे लग्नच खोटं वाटू लागलं.

बाईचा फोन वाजला. ती पायरीवर जाऊन बोलू लागली, तशी झुंबरबाई मुलीच्या कानाशी लागली. "पोरी, बळजबरीनं नेत्यात का गं तुला?"

"नाय," मुलगी म्हणाली. "मी माझ्या खुशीनं चालले."

मूठ मात्र तिने घट्ट आवळून धरली होती. भेदरलेली पोर दुसरं काय बोलणार? मापाच्या बांगड्या आणते, असं सांगून झुंबरबाई आत गेली आणि तिने पोलिसांच्या ११२ ला फोन लावला. "खात्री नाय, पण पोरीला पळवून नेत्यात असा मला संशय येतोय," ती म्हणाली. दुकानाचा पत्ता, दोघींच्या अंगावरचे कपडे, सगळं सांगितलं. "आता काही विचारू नका, नुसतं गुंतवून ठेवा," पलीकडून सांगण्यात आलं.

मग तिने असा काही घोळ घातला, की विचारू नका. ही बांगडी तडकलेली, ती फिक्की, हिचं माप लहान. बाई वैतागली, चडफडली. पोलीस दारात आले तेव्हा मुलीचा एकच हात भरून झाला होता. महिला शिपायाने बाईला धरलं. झुंबरबाईला हायसं वाटलं. खरं तर जिंकल्यासारखंच वाटलं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडे उभी असलेली एक पांढरी मोटार सुरू झाली आणि भरधाव निघून गेली.

"मैना!" मुलगी किंचाळत बाहेर धावली. "माझी बहीण हाय गाडीत!"

शिपायाने गाडीचा नंबर विचारला. मुलीला तो ठाऊक नव्हता, आणि झुंबरबाईचं तर त्या गाडीकडे लक्षही गेलं नव्हतं. नाकाबंदीचा निरोप गेला. पकडलेली बाई नंबर सांगायला तयार होईना.

झुंबरबाईने मुलीला जवळ घ्यायला हात पुढे केला, पण मुलगी मागे सरली.

"खुशीनं चालले म्हनले व्हते ना आजी तुला?" ती म्हणाली. "मी तोंड उघडलं तर मैना जित्ती राहायची नाय, असं सांगितलं व्हतं त्यांनी."