खराट्याच्या हिरावर मापलेला बूट

मित्रांनो, मी उजव्या पायातला एक जुना बूट आहे. डावा माझ्या शेजारीच असतो, पण त्याला बोलायचा कंटाळा, म्हणून दोघांची हकिकत मलाच सांगावी लागते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्या आयुष्यात जे जे घडलं, त्यातलं निम्मं मला तेव्हा कळलं नाही आणि उरलेलं अजून पुरतं कळलेलं नाही.

सुरुवात जन्मापासूनच झाली बघा. माझ्या जिभेच्या आत शिवलेल्या पट्टीवर एका देशाचं नाव आहे आणि मी ज्या खोक्यात निजलो त्यावर दुसऱ्याच देशाचं. खोक्यावर सूर्य, ढग, पावसाचे थेंब आणि बर्फाचं फूल अशी चित्रं होती. सगळ्या ऋतूंत चालणारा बूट, असं माझं वर्णन. मी तर तोवर एकही ऋतू पाहिलेला नव्हता. कारखान्यातून कंटेनरमध्ये, कंटेनरमधून गोदामात आणि तिथून वसई स्टेशनजवळच्या एका दुकानाच्या फळीवर. तिथे बारा महिने एसी. मग मी नक्की कोणत्या ऋतूचा, हा प्रश्न मला फार छळायचा. डाव्याला विचारलं तर तो गप्प.

दिवाळी होऊन गेली आणि एका संध्याकाळी जयवंत नावाचे गृहस्थ दुकानात आले. वसईतल्याच होळी नावाच्या भागात त्यांची वाडी, नोकरी बँकेत. त्यांनी मोबाइलवर बुटांचे इतके व्हिडिओ पाहिले होते की त्यांचं डोकं पार भंजाळून गेलं होतं. एकजण म्हणतो चामड्याचे घ्या, दुसरा म्हणतो चुकूनही घेऊ नका. एकजण म्हणतो पायाला घट्ट हवेत, दुसरा म्हणतो आत हवा खेळली पाहिजे. "आईसाठी हवेत. थंडीत जर्मनीला जायचंय, बहिणीकडे," ते म्हणाले.

"आईंना आणलंत?" दुकानदाराने विचारलं.

"आई कसली येतेय, ती वाडीत आहे. माप आणलंय." असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून एक काडी काढली. नारळाच्या झावळीचा हीर होता तो, खराट्याला बांधतात ना, तोच. त्यांच्या घरात ही जुनी रीत. वाडीतलं काम टाकून दुकानात कोण जाणार? मग पाय जमिनीवर ठेवायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत हीर धरायचा आणि मोडायचा. तो हीर घेऊन कुणीतरी बाजारात जायचं. घरातल्या सगळ्या चपला अशाच आल्या होत्या.

दुकानदाराने तो हीर माझ्या पोटात सरकवला. अगदी नेमका बसला. लोकरी मोजे घालायचे म्हणून त्याने मग एक नंबर मोठा, म्हणजे पुन्हा आम्हीच, पण दुसऱ्या खोक्यातले काढून दिले. इथे माझा पहिला गोंधळ उडाला. हीर बसला तो मी, की घरी गेलो तो मी? जाऊ दे. घरी गेलो तो मीच, एवढं नक्की.

आनंदीबाई म्हणजे जयवंतांच्या आई. साठी कधीच ओलांडलेली, पण पहाटे चाफा खुडायला शिडीवर चढणार त्याच. जन्म सगळा केळीच्या आणि चाफ्याच्या वाडीत अनवाणी गेला. चपला फक्त लग्नकार्याला, त्याही मांडवात शिरताच काढायला मिळतात म्हणून. अशा माणसाची पावलं कशी असतात, हे हिराला कसं कळणार? हिराला लांबी कळते. आनंदीबाईंच्या पायाची बोटं पंगतीत ऐसपैस बसलेल्या पाहुण्यांसारखी एकमेकांपासून लांब लांब होती, आणि मी पडलो पुढून निमुळता. त्यांनी पाय आत घातला आणि त्यांची करंगळी माझ्या भिंतीवर अशी दाबली गेली की माझाच जीव कळवळला.

"कसे आहेत, आई?" सून आर्याने विचारलं.

"बरोबर बसतात," आनंदीबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी चक्रावलो. तोंड म्हणतंय बरोबर बसतात आणि करंगळी आत बोंब मारतेय. खरं कुणाचं मानायचं? बुटाला पायाचं ऐकू येतं, तोंडाचं नाही, असं मला वाटायचं. माणसांचं उलटंच होतं. सगळ्यांनी तोंडाचंच ऐकलं आणि जो तो समाधानाने आपल्या कामाला लागला.

बाई खोटं का बोलल्या, ते मला दोन-चार दिवसांनी उमगलं. मला ओसरीवर ठेवलं होतं आणि व्हिडिओ कॉलवर मुलगी मीरा भावाशी बोलत होती. "दादा, आईला बाहेर कुठे फिरवत बसू नकोस हं. इथे रस्ते निसरडे असतात. पडलीबिडली तर काय करायचं? घरात हीटरपाशी बसू दे तिला आरामात." जयवंत म्हणाले, बरोबर आहे. आनंदीबाई आत डाळ निवडत होत्या, त्यांनी ते ऐकलं. मग फोन मीराच्या मुलीने, रेवाने घेतला. ती तिथे दुसरीत, रोज चालत शाळेत जाते. "आजी, सगळ्यांच्या आज्या शाळेत सोडायला येतात. माझीच येत नाही. तू येशील ना?"

"येणार तर," आनंदीबाई म्हणाल्या. "रोज येणार."

आता समजलं? बूट चावतात असं तोंडातून निघालं असतं, तर घरातल्यांना आयतं कारणच मिळालं असतं. आई, तू बस घरात. म्हणून बाई दात-ओठ आवळून मला घालत होत्या आणि बरोबर बसतात म्हणत होत्या.

त्यातच जयवंतांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. हे बूट बर्फावर घसरणार तर नाहीत? बघायचं कसं? वसईत बर्फ कुठे मिळतो, तर बंदरावर, मासळीच्या पेट्यांत भरायला. रविवारी सकाळी ते स्कूटरवरून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अख्खी लादी घेऊन आले. अंगणात ठेवली. शेजारपाजारचे गोळा झाले. आनंदीबाई कपडे वाळत घालायची दोरी धरून त्या लादीवर उभ्या राहिल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. मला वाटलं, हाच तो ऋतू, खोक्यावरच्या चित्रातला. पण चित्रातल्या बर्फाला बोंबलाचा वास येत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाई घसरल्या नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगात मात्र ते मासळीचं पाणी असं मुरलं की विचारू नका. आर्याने मला साबणाने घासलं, लिंबू चोळलं, गच्चीवर उन्हात ठेवलं. मांजरं येऊन मला चाटून गेली. चार मांजरं आपल्यावर प्रेम करतात, याचा आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी, काही कळेना.

एकदा बाईंनी युक्ती करून पाहिली. "रंग काही मनाला येत नाही, जयवंता. बदलून मिळतील का बघ." जयवंत खोकं घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने झाकण उघडलं, नाकाला रुमाल लावला आणि खोकं दोन बोटांनी परत सरकवलं. आम्ही आलो तसे घरी परतलो.

ही सगळी लपवाछपवी पहिल्यांदा ओळखली ती शेजारच्या मार्थाने. तिचा मुलगा क्लेटन कॅनडात, ती त्याच्याकडे दोनदा जाऊन आलेली, त्यामुळे बूट या विषयावर तिचा शब्द शेवटचा. आनंदीबाई मला घालून वाडीत पाणी सोडत होत्या. सवय करतेय, असं घरात सांगितलं होतं. नवेकोरे परदेशी जायचे बूट पाटाच्या चिखलात, म्हणून आर्या कासावीस झाली होती. मार्था बांधावरून बघत होती.

"काय गो आनंदी, लंगडतेस?"

"छे गं."

"दाखव पाय."

तिने मला ओढून काढलं. टाचेवर फोड, करंगळी लालभडक. मार्था कपाळाला हात लावून बसली. "सांगितलं नाहीस घरात?"

"सांगितलं तर नेतील खरं, पण घरात बसवतील. मार्था, पोरीला शब्द दिलाय मी."

मार्थाने माझ्या आतलं जाड अस्तर उपसून काढलं, तिथे पातळ सुती कापड घातलं आणि माझी नाडी पुढची भोकं सोडून वरून ओवली. माझी छाती जरा मोकळी झाली. रोज सकाळी बाई मला घालून केळीच्या ओळींतून चालत. मी चिखलात बुडायचो, सुकायचो, पुन्हा बुडायचो. मी बर्फाचा बूट की केळीच्या वाडीचा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. थोडा रुंदावलो मी. फार नाही. जितका रुंदावता येईल तितका रुंदावलो, याची शपथ घेतो.

मग विमान. मग थंडी. मीराच्या गावात उतरलो आणि सगळ्यांच्या तयारीवर पाणी पडलं, अक्षरशः पाणीच. बर्फाचा एक कणही नव्हता. नुसती रिपरिप आणि ओल्या पानांचा रस्ताभर लगदा. बंदरावरची ती लादी, ते मासळीचं पाणी, चार मांजरं, सगळं फुकट गेलं. जयवंत खिडकीतून बाहेर बघून म्हणाले, "ही तर आपली वसईच झाली, फक्त फ्रिजमध्ये ठेवलेली."

दुसऱ्या दिवशी अजून उजाडायचं होतं, तेव्हा आनंदीबाई दाराशी स्टूलवर बसून माझी नाडी बांधत होत्या. लुगड्यावर मुलीचा मोठा कोट, डोक्याला लोकरी टोपी. मीरा स्वयंपाकघरातून धावत आली. "आई, हे काय? मी सोडते तिला."

"तू ये हवं तर मागून," बाई म्हणाल्या आणि रेवाचा हात धरून बाहेर पडल्या.

मित्रांनो, त्या रस्त्यावर मी काय काय सोसलं ते सांगत नाही, कारण त्यांनी माझ्याहून जास्त सोसलं. जाड मोज्यांनी आतली जागा पुन्हा गिळून टाकली होती. पावलागणिक करंगळी मला ढोसत होती. वर मात्र गप्पा चालल्या होत्या. रेवा सांगत होती की ही बेकरी, हा वाईट कुत्रा, ही माझ्या मैत्रिणीची आजी. समोरून येणाऱ्या प्रत्येक आजीला रेवा मोठ्याने जर्मनमध्ये काहीतरी सांगायची आणि त्या बायका हसून मान डोलवायच्या. काय सांगतेस गं, असं बाईंनी विचारलं. "मी सांगते, ही माझी आजी आहे."

शाळेच्या फाटकाशी रेवाने हात सोडला आणि ती आत पळाली. आनंदीबाई तिथेच पावसात उभ्या राहिल्या. मग हळूच बाजूच्या बाकावर बसल्या, आणि मागून छत्री घेऊन येणाऱ्या मीराने त्यांना गाठलं.

"दमलीस?"

"नाही."

"नाडी सुटलीय तुझी." मीरा खाली वाकली. तिने नाडी जराशी ओढली आणि बाईंचा श्वास अडकला. मीराने वर बघितलं. मग तिने मला पायातून काढलं, मोजा काढला. ती बराच वेळ आईचं पाऊल दोन्ही हातांत धरून बसली.

"कधीपासून?"

"आणले तेव्हापासून."

"अगं, मग बोलायचं नाही?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, आई, तू घरातच बस."

मीरा रडायला लागली. भर रस्त्यात, आईचा पाय मांडीवर घेऊन. मी बाजूला फरशीवर पडलो होतो आणि माझ्या पोटात पाऊस साचत होता.

"दुखतंय खूप?"

"दुखतंय," आनंदीबाई म्हणाल्या. मी त्या घरात आल्यापासून आपल्या माणसांपुढे त्यांनी पहिल्यांदाच हे कबूल केलं. "पण उद्याही तिला मीच सोडणार."

त्याच दुपारी मीरा त्यांना बुटांच्या दुकानात घेऊन गेली. या वेळी माप घ्यायला हीर नव्हता. जाड मोजे घालून बाई स्वतः उभ्या राहिल्या, चालून बघितलं. "हे नकोत, करंगळीला लागतं. हे नकोत, टाच निसटते." शेवटी एका रुंद तोंडाच्या जोडीत पाय घातला आणि काहीच बोलल्या नाहीत. आरशापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मी पिशवीतून बघत होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? रेवाला रोज शाळेत सोडायला तेच गेले. माझ्या वाट्याला तो एकच दिवस आला. पण बाईंना न लंगडता चालताना पाहून बरंही वाटलं. एकाच वेळी बरं आणि वाईट कसं वाटतं, हे मला कुणी समजावून सांगेल का?

वसईला परतल्यावर बाईंनी आम्हाला मार्थाला देऊन टाकलं, आता मी तिच्या पायात आहे. तिची पावलं अरुंद, मी तिला अगदी नेमका बसतो. तिच्याबरोबर चर्चला जातो, बाजारात जातो, पावसाळ्यात शेताच्या बांधावर चिखल तुडवतो. माझा तळ झिजलाय, एका बाजूने उसवलोय. मांजरं अजून मागे येतात. चाललोय म्हणून टिकलोय, नाहीतर कपाटावर पिशवीत पडून केव्हाच कुजलो असतो. तेव्हा बूट घेतलेत तर घाला, पुसा, सावलीत सुकवा.

आणि एक सांगतो. मी नुसता बूट आहे, मला फारसं कळत नाही. पण तुमच्या घरातलं कुणी वडीलधारं माणूस हसून म्हणालं, मला चालतं, मला बरोबर बसतं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जमिनीवर बसा, त्यांचा पाय मांडीवर घ्या आणि दुखतंय का, ते पुन्हा विचारा.