दारामागचा दहा आकडी नंबर

आमचे अप्पा जुन्नरच्या मार्केट यार्डात काट्यावर असतात. दुसऱ्यानं केलेलं वजन त्यांना पटत नाही, आणि घरी आले तरी तो काटा काही खाली ठेवत नाहीत. त्या दिवशी तो माझ्यावर चालला.

स्वयंपाकघराच्या दारामागे मी खडूनं एक संख्या लिहिली होती: ९९९९९९९९६७. दहा आकडे, सुरुवात नऊनं. अप्पांच्या डोक्यात लगेच पोरगा उभा राहिला, आणि तोही साधासुधा नाही. यार्डातले बडे व्यापारी असे ओळीनं नऊ असलेले मोबाइल नंबर वशिला लावून मिळवतात, हे ते रोज बघतात. त्यांनी नंबर लावून पाहिला. लागला नाही. मग तर खात्रीच झाली, की पोरगा सावध झाला आणि त्यानं सिम बदललं.

संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, पुण्याची एमएस्सी रद्द, हॉस्टेलवर जायचं नाही. प्रवेश मिळाला होता, बॅग भरलेली होती. मला असा राग आला की तव्यावरची भाकरी करपली तरी कळलं नाही. आई आपली एवढंच विचारत होती, की त्याचं आडनाव काय.

मी दोघांना समोर बसवलं. हा कुणाचा नंबर नाही, ही मूळ संख्या आहे, असं सांगितलं. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही. दहा आकड्यांत अशी याहून मोठी संख्या नाही. मला आवडते, म्हणून लिहिली.

अप्पांनी मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडला. तीननं भागलं, सातनं भागलं, तेरानं भागलं. दर वेळी टिंबापुढे आकडे यायचे. एकोणतीसला येऊन ते थांबले.

"आसं कुठवर बघायचं?"

लाखापर्यंत, मी म्हणाले. लाखाला लाखानं गुणलं की हजार कोटी होतात, आणि ही संख्या त्याच्या आतली. ती दोन संख्यांच्या गुणाकारातून झाली असती, तर त्यातली एक लाखाच्या आत सापडलीच असती. तिथवर काही सापडलं नाही, की शंका मिटली.

अप्पांना हे पटलं. मला ते दिसलं. तरी त्यांनी विचारलंच.

"बरं, नंबर न्हाई. पण ह्ये तुला शिकवतंय कोण? कुठला सर हाय?"

मग मात्र माझा तोल सुटला.

"अप्पा, ह्या आकड्याची तपासणी लाखाला संपती. माझी कितीला संपंल?"

आई खाली बघायला लागली. अप्पांनी मोबाइल खिशात टाकला. मग उठले आणि माझी बॅग आतून आणून उंबऱ्याशी ठेवली.

सकाळच्या एसटीत बॅग घेऊन तेही चढले आणि माझ्या शेजारी बसले. तुम्ही कुठे निघालात, मी विचारलं.

"हॉस्टेलचं गेट कितीला बंद व्हतं, तेवढं बघून येतो," अप्पा म्हणाले, आणि कंडक्टरकडे पुण्याची दोन तिकिटं मागितली.