जिंकत असताना टाकलेला टॉवेल

पांढरा टॉवेल दोरांवरून उडाला आणि रिंगच्या मधोमध पडला. पंचांनी दोन्ही हात हलवून लढत थांबवली. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंच्या तोंडाचा आ तसाच राहिला. टॉवेल टाकणारा त्यांचाच नवरा होता, आणि ज्या मुलीची लढत त्याने संपवली ती त्यांचीच लेक.

आपण भलतंच काही पाहिलं की काय, म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. फलकावर तर लेकीचेच गुण जास्त होते. शेवटची फेरी नुकती सुरू झाली होती. एवढी निभावली असती, तर राष्ट्रीय संघातली जागा पक्की होती. तोंडाशी आलेला घास बापानंच हिरावून घ्यावा?

बाई शाळेत इंग्रजी शिकवत. ‘टॉवेल टाकणे’ हा इंग्रजांचा वाक्प्रचार त्या दरवर्षी हौसेनं समजावत. अर्थ, हार मानणे. आला कुठून, तर मुष्टियुद्धाच्या रिंगणातून. आधी स्पंज फेकायचे, पुढे टॉवेल आला. आणि गंमत म्हणजे तो लढणारा टाकत नाही, त्याच्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस टाकतो. पण लेकीच्या कोपऱ्यातला हा माणूस काही नांगी टाकणारा नव्हता. लहानपणापासून तिला दमवून, प्रसंगी रडवून त्यानंच घडवली होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या तरातरा कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या.

“वेड लागलंय का तुम्हाला? पोरगी जिंकत होती.”

“हो.”

“मग?”

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दारावरची नजर न काढता तो म्हणाला, “डॉक्टर येतायत. तोवर तिच्याशी बोल.”

लेक बाकावर बसली होती. चेहऱ्यावर साधा ओरखडाही नव्हता. आईला पाहून ती छान हसली. बिचारी दुःख गिळते आहे, असं वाटून बाईंचा जीव तुटला. त्यांनी तिच्या घामेजल्या केसांवरून हात फिरवला.

“बरं झालं, वेळेवर आलीस,” लेक म्हणाली. “आता माझाच नंबर आहे.”

बाईंचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

“मघाशी शेवटच्या फेरीआधी स्टुलावर बसली तेव्हाही हेच म्हणाली,” तो म्हणाला. “मला वाटलं, मस्करी करतेय. मी पाठवली तिला परत रिंगमध्ये.”

“आई, बाबांना सांग ना,” लेकीनं ग्लोव्हज चढवलेले दोन्ही हात पुढे केले. “ग्लोव्हज बांधायला अजून सुरुवातच नाही केली त्यांनी.”